अन्ननलिकेचा कर्करोग : रक्तातील खूण आणि ताटातील खूण

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्करोगासारखा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षे समाजाच्या सुखदुःखाची वही सांभाळली, तिच्या अंगणात हा विषय निघायचा नाही तर कोठे निघायचा? शिवाय अमरावती-अकोल्याकडील घराघरांत हल्ली एक प्रश्न ऐकू येतो. 'रक्ताच्या एका नळीतून कर्करोग कळतो म्हणतात; मग ती दुर्बीण घशात घालून घेण्याचा त्रास कशाला?' या प्रश्नात आशा आहे, भीती आहे आणि थोडी फसगतही आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा सगळा प्रपंच.

प्रथम अन्ननलिकेविषयी. घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी. घास खाली ढकलणे एवढेच तिचे काम, आणि ते ती इतक्या मुकाट्याने करते की निरोगी माणसाला तिचे अस्तित्वही जाणवत नाही. तिच्या रचनेत दोन उणिवा मात्र आहेत. आतड्यांवर असते तसे बाहेरचे पातळ आवरण तिच्यावर नाही आणि तिच्या अस्तराखालीच लसिकावाहिन्यांचे दाट जाळे आहे. त्यामुळे आत उगवलेली गाठ बाहेर पसरण्यास फारसा अडथळा राहत नाही. दुसरीकडे नळी लवचीक असल्याने ती निम्म्याहून अधिक अरुंद होईपर्यंत पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही. तक्रार उशिरा आणि प्रसार लवकर, असा हा विपरीत योग आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगभर सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना हा रोग झाला आणि सुमारे ४ लाख ४५ हजार लोक त्याने दगावले. या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे, ते पाहावे.

याच्या दोन जाती आहेत. नळीच्या खालच्या टोकाशी, जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्याने होणारा ग्रंथिपेशींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांत अधिक. भारतात मुख्यतः आढळतो तो अस्तरातील चपट्या पेशींचा, ज्याचे नाते तंबाखू, मद्य आणि सुपारीशी आहे. मद्य जैन घराच्या उंबरठ्याबाहेर राहिले, ही पूर्वजांची पुण्याई. तंबाखूबाबत तितक्याच ठामपणे बोलता येईल काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. खर्ऱ्याची पुडी, दातांना लावायची मिशरी आणि तपकिरीची डबी यांना अनेक घरांत व्यसन म्हणतच नाहीत. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण वऱ्हाडातील पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार होणारा खर्रा पाहिला की कायद्याचा हात कोठवर पोहोचला ते कळते.

सुपारीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे' असे म्हणून ती जेवणानंतर निःशंक मनाने तोंडात टाकली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. पुढे २०१२ च्या ग्रंथात तिने असेही नोंदवले की तंबाखूविरहित विड्यानेही तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होतो. पूजेच्या ताटातील सुपारीबद्दल कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे गालात धरलेल्या सुपारीचा. याच संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेयांनाही संशयितांच्या यादीत घातले. त्या दृष्टीने चहा बशीत ओतून, फुंकून पिणारे जुने आजोबा आजच्या घाईतल्या पिढीपेक्षा शहाणे म्हणायचे.

आता त्या रक्ताच्या नळीकडे वळू या.

१८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ॲशवर्थ नावाच्या वैद्याने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका माणसाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्याला काही पेशी दिसल्या, त्या रक्ताच्या नव्हत्या. त्या माणसाच्या अंगावरील गाठींतील पेशींशी त्यांचे हुबेहूब साम्य होते. एका माणसाच्या शरीरात इतक्या गाठी कशा झाल्या, याचे उत्तर या हिंडणाऱ्या पेशींत असावे असे त्याने सुचवले. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, इंग्लंडमधील स्टीफन पॅजेट यांनी त्याला बीज आणि भूमी यांची उपमा जोडली. बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. सरकी आणि काळी माती यांचे नाते पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या वऱ्हाडाला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागू नये. रक्तात शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी काही तासांतच नष्ट होतात. एखादीच यकृतात, फुप्फुसात किंवा हाडात जाऊन मूळ धरते. या पेशींना डॉक्टरी भाषेत 'सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स', संक्षेपाने सीटीसी म्हणतात. येथे त्यांना संचारी कर्कपेशी म्हणणे सोयीचे होईल.

त्या आहेत हे कळायला दीडशे वर्षे झाली, तरी त्या मोजता येऊ लागल्या त्या अलीकडेच. याचे कारण संख्येत आहे. साधारण दीड चमचा, म्हणजे ७.५ मिलिलिटर रक्त घेतले तर त्यात तांबड्या पेशी ३ हजार कोटींहून अधिक आणि पांढऱ्या पेशी काही कोटी असतात. या गर्दीत संचारी कर्कपेशी किती? रोग पसरलेल्या रुग्णातही कधी पाच, कधी दोन, कधी एकही नाही. पंढरीच्या वारीत एकच चेहरा शोधण्याइतके हे अवघड, किंबहुना त्याहूनही अवघड, कारण वारीला काही लाख माणसे असतात, काही हजार कोटी नव्हेत.

शोधण्याच्या मुख्य दोन रीती आहेत. त्यांपैकी एक जैन स्वयंपाकघराला फार जवळची आहे. पाणी गाळून घेण्याचे दुहेरी फडके ज्या घरात आजही नळाला बांधलेले असते, त्या घराला गाळण्याचे शास्त्र नवीन नाही. येथे फडक्याच्या जागी सुमारे ८ मायक्रॉन व्यासाची छिद्रे असलेला पातळ पडदा असतो. तांबड्या पेशी लवचीक असल्याने मुरडून पार होतात आणि आकाराने मोठ्या, ताठर कर्कपेशी वर राहतात. अडचण अशी की लहान आकाराच्या कर्कपेशी निसटतात आणि काही मोठ्या पांढऱ्या पेशी उगाच अडकतात. गाळणे कितीही काळजीपूर्वक केले तरी त्यातून काही जाते आणि काही नको ते राहते.

दुसरी रीत लोहचुंबकाची. अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावर एपकॅम नावाचे प्रथिन असते. रक्तपेशींवर ते नसते. त्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य लोहाच्या अतिसूक्ष्म कणांना जोडून रक्तात सोडतात आणि चुंबक धरला की कणांसह पेशी ओढली जाते. मग रंग देऊन तीन गोष्टी पाहतात : पेशीला केंद्रक आहे, अस्तरपेशींत असणारे केराटिन तिच्यात आहे आणि पांढऱ्या पेशींची खूण तिच्यावर नाही. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तिची गणना होते, आणि यंत्राने काढलेल्या चित्रांवर शेवटचा शब्द प्रशिक्षित माणसाचाच असतो. सेलसर्च नावाच्या अशा यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी आणि पुढे आतड्याच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. स्तनाच्या रुग्णांत ७.५ मिलिलिटरमध्ये पाच किंवा अधिक पेशी आढळल्या तर आयुर्मान कमी, असे गणित त्यातून निघाले. अन्ननलिका त्या यादीत नव्हती.

अन्ननलिकेबाबत जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील शल्यविशारदांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी १०० रुग्णांचे रक्त तपासले गेले. त्यांतील १८ जणांत संचारी कर्कपेशी सापडल्या. शस्त्रक्रिया करण्याजोगा वाटलेला त्यांचा रोग पुढे लवकर उलटला आणि त्यांचे आयुष्य इतरांहून कमी ठरले. म्हणजे स्कॅनमध्ये न दिसणारे काहीतरी रक्ताने सांगितले होते. ही गोष्ट मोलाची आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहावी. अन्ननलिकेत सिद्ध झालेली गाठ असूनही १०० पैकी ८२ जणांच्या नळीत एकही पेशी सापडली नाही. गाठ आहे, पेशी सापडत नाही. मग ज्याच्या गाठीचा पत्ताच नाही अशा माणसाने केवळ रक्ताचा कागद स्वच्छ आला म्हणून निश्चिंत व्हावे काय?

न सापडण्याची कारणेही आहेत. गाठ लहान असेल तर पेशीच थोड्या सुटतात. शिवाय घर सोडताना काही कर्कपेशी आपले रूप पालटतात, अंगावरील एपकॅम कमी करतात आणि चुंबकाला दाद देत नाहीत; नेमक्या याच पेशी दूर जाऊन रुजण्यात पटाईत असाव्यात असा शास्त्रज्ञांचा संशय आहे. जैन दर्शनाने कोणत्याही विधानाआधी 'स्यात्' हा शब्द ठेवण्याची शिस्त शिकवली. प्रयोगशाळेच्या अहवालाआधी तो मनोमन वाचावा. या नळीत, या रीतीने, या दिवशी पेशी सापडल्या नाहीत. एवढेच ते विधान आहे, आणि संपूर्ण शरीराविषयी ते अवक्तव्य आहे.

महाराष्ट्र या संशोधनात मागे नाही, ही अभिमानाची बाब. पुण्यात डॉ. जयंत खांडारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ॲक्टोरियस या कंपनीने चुंबकी सूक्ष्मकणांवर आधारलेली 'ऑन्कोडिस्कव्हर' ही संचारी कर्कपेशींची चाचणी भारतातच विकसित केली आणि तिला देशाच्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेच्या, रक्तातील कर्कपेशींवर आधारलेल्या चाचण्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये स्तनाच्या आणि २०२२ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी विशेष दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे परीक्षणाची वाट जलद करून देणे होय. विक्रीची मान्यता नव्हे, आणि तो अन्ननलिकेसाठीही नव्हता. अकोल्याहून भुसावळ-मनमाडमार्गे नाशिकला जाणाऱ्या लोहमार्गावरून रक्ताची नळी एका रात्रीत पोहोचेल. प्रश्न अंतराचा राहिलेला नाही. प्रश्न आहे, ती नळी कोणाच्या रक्ताची आणि कोणत्या हेतूने पाठवायची, हा.

या संदर्भात अमेरिकेतील एका चाचणीचा निकाल, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला, फार बोलका आहे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रियांत औषधोपचाराच्या पहिल्या फेरीनंतरही संचारी पेशी कमी झाल्या नाहीत, अशा १२३ जणींचे दोन गट केले गेले. एका गटाचे औषध ताबडतोब बदलले, दुसऱ्याचे तेच ठेवले. तर्क सांगत होता की बदललेल्यांना लाभ व्हावा. तसे झाले नाही. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. अशुभ आहे हे चिन्हाने अचूक सांगितले, पण त्यावर उपाय करायला हाती दुसरे प्रभावी औषध नव्हते. ज्ञान झाले म्हणजे निवारण झाले असे नाही, हे कर्मसिद्धांत ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना नवे नसावे.

तर मग ही चाचणी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिची जागा वेगळी आहे, एवढेच. ज्यांचा रोग तुकडा तपासून सिद्ध झाला आहे, त्यांच्यात रोग किती आक्रमक आहे याचा अंदाज घेणे, उपचार चालू असताना त्यांच्यावर लक्ष ठेवणे, येथे तिचा उपयोग तज्ज्ञ शोधत आहेत. पेशींऐवजी गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे मोजण्याचे कामही याच दिशेने चालले आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्रॉस नावाच्या अभ्यासाने दाखवले की शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र दिल्यास मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर जाते. त्याच देशातील सॅनो या अभ्यासाचे फलित २०२५ मध्ये आले. या उपचारानंतर ज्यांची गाठ पूर्ण विरघळलेली दिसते, त्यांच्यावर लगेच मोठी शस्त्रक्रिया न करता वारंवार तपासणी करीत राहिल्यास दोन वर्षांपर्यंतच्या आयुर्मानात तोटा होत नाही, असे त्यात आढळले. छाती उघडण्याची ही शस्त्रक्रिया टळणे म्हणजे काय, हे ज्या घराने ती पाहिली आहे त्यालाच ठाऊक. रक्तातील खूण उद्या खरोखर कामी येईल ती कदाचित येथे. आज मात्र सॅनोतील ती वारंवार तपासणीही दुर्बीण, तुकडा आणि स्कॅन यांच्याच आधाराने झाली.

म्हणून आता दुसऱ्या खुणेकडे, जिला यंत्र लागत नाही.

एखाद्या वाड्यातील सत्तरीची आजी डोळ्यांपुढे आणावी. चातुर्मास लागला आणि तिने एकासणे धरले. ज्वारीची भाकरी ताटात राहू लागली. 'दात राहिले नाहीत' असे ती म्हणाली. मग पोळी दुधात कुस्करून आली. मग नुसते वरण-भात, तोही पातळ. मधूनमधून घोट पाणी घेऊन घास खाली ढकलणे सुरू झाले. सून म्हणते, सासूबाईंचे तप किती कडक. शेजारीण अनुमोदना करते. पर्युषणापर्यंत आजीचे वजन आठ किलोंनी उतरले आहे, आणि त्या घरात कोणाच्याही मनात शंका आलेली नाही. जेथे कमी खाणे हा सन्मान आहे, तेथे खाता न येणे लपून राहते. इतर समाजांत 'जेवत का नाही?' असा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला जातो. येथे तो तीन-तीन महिने विचारलाच जात नाही. तपाला दोष नाही. पण जे इच्छेने सोडले ते तप, आणि जे गिळवत नाही म्हणून सुटले तो रोग. हा भेद करण्याचे काम घरातल्यांचे आहे.

आधी घट्ट पदार्थ, मग मऊ, मग पातळ या क्रमाने गिळणे जड होत जाणे, छातीत घास अडकल्याची भावना, कारण नसता वजन उतरणे, आवाज बसणे, रात्री अन्न उलटून तोंडात येणे, यांपैकी काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर दुर्बिणीची तपासणी करावी. ती अमरावतीत होते आणि अकोल्यातही होते. काही मिनिटांचे काम आहे, भूल न देताही होते आणि संशयास्पद जागेचा तुकडा तेथेच घेता येतो. सुरुवातीचा रोग नजरेला फसवतो म्हणून काही वेळा आयोडीनचा फवारा मारतात. निरोगी अस्तर तपकिरी होते आणि बिघडलेला भाग फिका राहतो. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास पोट रिकामे लागते. चौविहार करणाऱ्याला याची वेगळी तयारी नको. सूर्यास्ताला मिटलेले तोंड सकाळी डॉक्टरांपुढे उघडले म्हणजे झाले.

निदान झाल्यावर खर्चाचा प्रश्न येतो. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या थोड्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता; २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन तिच्यात येतात. पुढील उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही परिचित ठिकाणे आहेतच. कागदपत्रे, ओळख, मुक्काम आणि सोबत यांत रुग्णाचे पहिले दोन आठवडे वाया जातात. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तेथे हात द्यावा.

एक अडचण बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून येथेच बोलावी. उपचाराच्या काळात पुष्कळदा आतड्यात नळी बसवून थोडे थोडे अन्न दिले जाते, आणि ते रात्रीही चालते. आयुष्यभर रात्रिभोजन न केलेला श्रावक त्या वेळी नळी नाकारतो, अशक्त होतो आणि उपचार अर्धवट राहतो. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधासाठी असलेला आगार त्यांतच आहे. कुटुंबाने हा विषय डॉक्टरांशी वाद घालण्याआधी गुरुमहाराजांपुढे ठेवावा. उपचार सुरू होण्याच्या आधी, मध्ये नव्हे.

राहता राहिला आरोग्य शिबिराचा विषय. निरोगी माणसांच्या रक्तात संचारी कर्कपेशी शोधण्याच्या महागड्या तपासण्या समाजाच्या निधीतून घाऊकपणे करू नयेत. तेवढ्याच रकमेत गिळण्याचा त्रास असलेल्या कितीतरी जणांची दुर्बिणीची तपासणी आणि तुकडा तपासणी होईल. ही माणसे शोधायची कशी, याचे उत्तर शिबिराच्या मांडवात नाही; ते आयंबीलशाळेत आणि भोजनशाळेत आहे. पंक्तीत वाढणाऱ्याला कोणाच्या ताटात काय राहते ते दिसते. गेल्या वर्षी दोन भाकऱ्या घेणारे काका यंदा नुसती कढी मागतात, दर घासाला पाण्याचा पेला उचलतात, पंक्ती उठली तरी बसून राहतात. हे वाढप्याच्या लक्षात येते, आणि तो गप्प बसतो, कारण असे काही सांगणे हे आपले काम आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते त्याला सांगावे. आणि हात धुण्याच्या जागेशी ठेवलेल्या तबकात बडीशेप, ओवा आणि धणाडाळ राहू द्यावी. सुपारीची वाटी तेवढी उचलून घ्यावी.